उघड्या दाराचा तुरुंग

टॅलो फोर्क गावातले म्हातारे "आमच्या वेळी" म्हणून बोलायला सुरुवात करत, तशी ओमा डीटन "आमच्या तुरुंगात" म्हणून सुरुवात करायची. नवख्या माणसाला वाटायचं, या बाईने कुणाचा तरी खूनबिन केलेला दिसतोय. पण ओमा तुरुंगात राहिली ती जेलरची बायको म्हणून, तरुणपणापासून केस पिकेपर्यंत. केंटकीच्या त्या डोंगरांत तेव्हा जेलरसुद्धा निवडणुकीत निवडून यायचा. एस्टिल डीटन दर खेपेला मतं मागायला बाहेर पडला की गाव म्हणायचं, याला पडणारी अर्धी मतं ओमाच्या मक्याच्या पावाला पडतात. एकदा नवरा निवडून आला की त्याच्या हाती किल्ल्या आणि बायकोच्या वाट्याला चूल. तिला कुणी मत विचारलं नव्हतं, पण तिची तक्रारही नव्हती.

नदीच्या दगडांनी बांधलेली ती जुनी इमारत होती. वर कोठड्या, खाली जेलरचं घर आणि मागच्या अंगाला नदीकडे तोंड केलेलं स्वयंपाकघर. सकाळीच चुलीवर घेवड्याचं मोठं पातेलं चढायचं, त्यात डुकराच्या चरबीचा तुकडा पडायचा, आणि दुपारपर्यंत तो वास कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत पोचायचा. वकील मंडळी युक्तिवाद आवरता घेत, असं म्हणतात. शरद लागला की ओमा घेवड्याच्या शेंगांच्या टोपल्या वर पाठवायची. कैदी बसून त्या दोऱ्यात ओवायचे आणि माळा करून द्यायचे. हिवाळाभर त्या माळा चुलीवर वाळत लटकलेल्या असायच्या. चोरटी दारू गाळणारा एक गडी दरवर्षी नेमका शेंगांच्या दिवसांत पकडला जायचा. ओमा म्हणायची, "मुद्दाम येतो मेला. घरी त्याची बायको चरबी घालत नाही."

रविवारी पाद्री एन्डिकॉट आपली मंडळी घेऊन अंगणात उभे राहायचे. ते एक ओळ म्हणायचे आणि मग सगळे तीच ओळ लांबवून लांबवून गायचे. वरच्या गजांमागून कैदीही सूर लावायचे. त्या दारूवाल्याचा आवाज इतका भरदार होता, की तो सुटून गेला की भजन फिकं पडायचं. एन्डिकॉट एस्टिलला हळूच विचारायचे, "पुन्हा कधी येतोय तो?"

पुढे राज्य सरकारचा तपासनीस आला. त्याने टेप लावून खिडक्या मोजल्या, नाक मुरडलं आणि लिहून टाकलं की ही जागा माणसांनी राहण्याजोगी नाही. "मग आम्ही काय डुकरं होतो?" ओमाने त्याला तोंडावर विचारलं. ती त्याच्यासमोर सफरचंदाच्या मुरंब्याचा केक ठेवायला निघाली होती, तो तिने उचलून परत फडताळात ठेवला. तुरुंग बंद झाला. त्यानंतर वर्षभरात एस्टिल हृदयविकाराने गेला. त्याच्या पाठोपाठ नदीला पूर आला आणि रिकाम्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहिलेले सगळे कागद चिखलात गेले. नवा तुरुंग झाला तो हमरस्त्याला, सिमेंटचा. तिथे जेवण गाडीतून येतं, खणाखणांच्या प्लास्टिकच्या ताटांत. ओमा एकदाच बघून आली आणि दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

अशात एका ऑक्टोबरमध्ये वेंडेल प्रॅटर नावाचा तरुण वकील तिच्या दारात येऊन उभा राहिला. सरकारनेच गरिबांसाठी नेमलेला, बूट चिखलाने भरलेले, टाय मानेमागे गेलेला.

"काकू, तुम्हाला आर्ली नेपियर आठवतो?"

"आठवतो म्हणजे? एक अख्खा हिवाळा माझ्या चुलीपाशी काढलाय त्याने. ये आत, बूट बाहेर काढ."

आर्लीची हकिगत गावाला पाठ होती. मेहुण्याच्या नादी लागून त्याने खाणीवरची तांब्याची तार चोरली होती. वर्षाची शिक्षा झाली. पण न्यायाधीश हॉलन यांनी त्याला प्रोबेशनवर, म्हणजे नीट वागण्याच्या अटीवर सोडलं, आणि अटींत एक अट अशी घातली की आधी सहा महिने गावच्या तुरुंगात काढायचे. ते त्याने काढले. मग इथे काम मिळेना म्हणून परवानगी न घेताच तो शेजारच्या ओहायो राज्यात, डेटन शहरी कारखान्यात गेला. आमच्या डोंगरातली निम्मी माणसं कामासाठी तिकडेच जातात. पण प्रोबेशनवरच्या माणसाला राज्य ओलांडता येत नाही. मे महिन्यात कबरी साफ करून फुलं वाहायचा दिवस असतो. त्या दिवशी माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी आपल्या टेकडीवर येतो, हे शेरीफलाही ठाऊक होतं. आर्ली आईच्या कबरीवरचं गवत उपटत होता, तिथेच त्याला धरला. प्रोबेशन रद्द झालं आणि वर्षाची शिक्षा पुन्हा डोक्यावर आली.

"आता ऐका," प्रॅटर म्हणाला. "नव्या तुरुंगात त्याचे सहा महिने नोव्हेंबरात भरतात. तुमच्याकडे काढलेले सहा त्यात धरले, तर वर्ष पुरं होतं आणि तो सरळ घरी जातो. कायदा आपल्या बाजूने आहे. प्रोबेशनची अट म्हणून तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा करायलाच हवेत. पण सरकारी वकील म्हणतात, तो तुमच्या तुरुंगात नव्हताच."

"नव्हता? मग माझे बटाटे कुणी सोलले?"

"कागद पुरात गेले. उरलीत ती फक्त काउंटीच्या कचेरीतली जेवणाची बिलं. प्रत्येक कैद्याच्या ताटामागे एस्टिलकाकांना पैसे मिळायचे ना? त्या अख्ख्या हिवाळ्यात आर्लीच्या नावाचं एकही ताट नाही."

ओमाने कपाळाला हात लावला. कारण ते खरं होतं. वरच्या कोठडीत शेगडी नव्हती आणि आर्लीला खोकल्याची ढास लागायची, म्हणून तिने त्याला खाली आणलं. खाली आणलेला माणूस मग वेगळा कुठे जेवणार? तो त्यांच्याच टेबलाशी बसायला लागला. आणि आपल्या टेबलाशी बसवलेल्या माणसाच्या जेवणाचे पैसे घ्यायचे, हे एस्टिल डीटनच्या रक्तातच नव्हतं. तो म्हणाला, "कोठडीत पाठवलेलं ताट काउंटीचं. माझ्या टेबलावरचं ताट माझं." त्याने मोठ्या मनाने बिलातून नाव गाळलं, आणि त्या मोठ्या मनाची शिक्षा आता आर्ली भोगणार होता.

"डेल्बर्ट कसा आहे?" तिने विचारलं. डेल्बर्ट म्हणजे आर्लीचा बाप. कोळशाच्या खाणीत फुप्फुसं काळी करून घेतलेला म्हातारा.

"बसूनच झोपतो. आडवा झाला की श्वास घेता येत नाही. डॉक्टर म्हणतात, नाताळ बघितला तर खूप. शेजारीण दोन घास भरवते. आर्लीला राज्याच्या तुरुंगात नेलं, तर तो येईल मे महिन्यात."

प्रॅटरने वही काढली आणि म्हणाला, तो हिवाळा जसा आठवेल तसा सांगा. आणि ओमाची गाडी सुटली. आर्ली चुलीत कोळसा कसा घालायचा, एस्टिलबरोबर सोंगट्या खेळताना कशी लबाडी करायचा, ताकात मक्याचा पाव कुस्करून कसा खायचा, पायाच्या दुखण्याने ती आठवडाभर झोपून होती तेव्हा त्याने सगळ्या कैद्यांचा स्वयंपाक कसा केला आणि पाव कसा करपवला! बोलताना तिचे गाल लाल झाले. एवढं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मग तिने पाहिलं, तर पोराने लिहायचं कधीच थांबवलं होतं.

"काकू," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "हे कोर्टात सांगाल तर माझी केस बुडाली. हा तुरुंग वाटतच नाही. हे माझ्या आजोळसारखं वाटतंय."

"मग काय खोटं सांगू? शपथेवर?"

"नाही हो. पण तो तुरुंग होता असं वाटावं, असं काहीच नव्हतं का?"

ओमा उठली आणि उगाचच फडताळातल्या कपबशा सारख्या करू लागली. एक गोष्ट होती. ती तिने आजवर कुणालाही सांगितलेली नव्हती, पोटच्या मुलांनासुद्धा नाही. एस्टिल जिवंत असताना त्यांनी ती दोघांत मिटवून टाकली होती, आणि तो गेल्यावर तिच्याजवळ त्याचं म्हणून उरलं होतं काय, तर त्याचं नाव. रस्त्याने जाताना लोक अजून म्हणायचे, काकू, एस्टिलकाकांसारखा देवमाणूस पुन्हा होणार नाही. तिला ते रोज ऐकायला हवं असायचं, हे तिने स्वतःशी कबूल केलं होतं.

"आठवून बघते," ती म्हणाली आणि पोराच्या हातात केकचा तुकडा बांधून दिला.

नोव्हेंबरअखेर सुनावणी होती, तिला सगळा गाव लोटला. सगळे आर्लीच्या बाजूचे. आणि तिथेच घोळ झाला. आर्लीला मदत करायला आलेला जो तो एस्टिलच्या तुरुंगाचे गोडवे गाऊ लागला. किराणावाली कोरा फ्युगेट म्हणाली, "आर्ली तिथेच होता हो, मी स्वतः पाहिलाय. एस्टिल त्याला माझ्या दुकानात साखर आणायला पाठवायचा!"

"एकट्याला?" सरकारी वकील टॉलिव्हर यांनी गोड आवाजात विचारलं.

"मग काय वरात पाठवणार होता?"

कोर्ट हसलं. प्रॅटरने मान खाली घातली. पाद्री एन्डिकॉट म्हणाले, ते खऱ्या अर्थाने ख्रिस्ताचं घर होतं, मी तिथे एकही दुःखी चेहरा पाहिला नाही. टॉलिव्हर यांनी त्यांचे मनापासून आभार मानले. बाजूच्या बाकावर आर्ली नारिंगी कपड्यांत बसला होता. पूर्वीपेक्षा बारीक झालेला, तरी जुन्या गोष्टी निघाल्या की त्याच्याही चेहऱ्यावर हसू फुटायचं. वेड्याला कळत नव्हतं, की प्रत्येक गोड आठवणीगणिक त्याच्या हातचे महिने चाललेत.

मग ओमा शपथ घेऊन साक्षीदाराच्या जागेवर बसली. तिने चर्चला जायचा निळा झगा घातला होता. प्रॅटरचे प्रश्न झाले आणि टॉलिव्हर उठले.

"डीटनबाई, आर्ली झोपायचा कुठे?"

"स्वयंपाकघरात, चुलीपाशी."

"त्या दाराला कुलूप होतं?"

"कुलूप कशाला? कडी होती की."

"बाहेरून?"

"स्वयंपाकघराला बाहेरून कडी लावतात होय? आतून."

"म्हणजे कैदी स्वतःच्या हाताने कडी लावून झोपायचा." पुन्हा हशा पिकला. "आणि त्याच्या जेवणाचे पैसे तुम्ही काउंटीकडे मागितले नाहीत?"

"आपल्या टेबलाशी बसवलेल्या माणसाच्या जेवणाचे पैसे मागायचे? तुमच्या घरी मागत असतील, आमच्यात नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, न्यायाधीशांना हातोडा आपटावा लागला. टॉलिव्हरही हसले. ते वाईट माणूस नव्हते, पण हातात आलेली केस सोडण्याइतके चांगलेही नव्हते. ते म्हणाले, "न्यायाधीश महाराज, मला या बाईंबद्दल आदरच आहे. पण त्यांनीच सगळं सांगितलं. आर्ली नेपियर डीटनांकडे पाहुणा होता. पाहुणचाराचे दिवस शिक्षेतून वजा होत नाहीत."

आपण सगळ्यांनी मिळून काय करून ठेवलं ते गावाच्या आत्ता ध्यानात आलं. आर्लीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने एकदा खिडकीकडे पाहिलं, बापाचं घर होतं त्या दिशेला.

"ओमाकाकू, आणखी काही सांगायचंय?" न्यायाधीश हॉलन यांनी विचारलं. लहानपणी तेही तिच्या हातचा केक खाऊन वाढले होते.

ओमाने दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली. "सांगायचंय," ती म्हणाली. "त्या हिवाळ्यात आर्लीची आई गेली."

"मला आठवतं."

"आर्लीने एस्टिलला विचारलं, काका, मी मातीला जाऊन येऊ? एस्टिल म्हणाला, न्यायाधीशांना विचारायला हवं. तुम्ही गेला होतात राज्याच्या राजधानीला, फ्रँकफर्टला. दिवसभर फोन लावला, लागला नाही. आणि ती टेकडी आमच्या स्वयंपाकघरासमोर, नदीच्या पलीकडे. पेटी घेऊन माणसं वर चढताना दिसत होती. चुलीचा धूर कोंडला म्हणून मी दार उघडलं होतं. एस्टिलने आतून खुर्ची आणली, दारात टाकली, डोक्यावरची हॅट काढून मांडीवर ठेवली आणि बसला. एन्डिकॉटनी पलीकडे भजन सुरू केलं ते सगळं ऐकू येत होतं. आर्ली खिडकीशी बटाटे सोलत उभा राहिला. सोललेलेच बटाटे पुन्हा सोलत होता. माती लोटून लोक खाली उतरेपर्यंत एस्टिल जागचा हलला नाही."

"मी पाहिलं होतं टेकडीवरून," पाद्री एन्डिकॉट बाकावरून पुटपुटले. "बोडक्या डोक्याने बसला होता बिचारा, पोराच्या सोबतीला." गावात एवढी गोष्ट सगळ्यांना माहीत होती. बायकांनी डोळे पुसले. कोरा फ्युगेट तर हुंदके देऊ लागली.

टॉलिव्हर उभे राहिले. "बाई, हेही त्यांच्या चांगुलपणाचंच..."

"बसा खाली, माझं संपलेलं नाही," ओमा म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की ती स्वतःच दचकली. "हॅटखाली पिस्तूल होतं."

कोरा फ्युगेटने डोळ्यांवरचा रुमाल खाली घेतला.

"एस्टिल पिस्तूल बाळगत नसे. ते पिठाच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळलेलं असायचं. त्या सकाळी त्याने ते काढून गोळ्या भरल्या. मी म्हटलं, एस्टिल, आपल्या आर्लीसाठी? तो म्हणाला, ओमा, तो मला पोरासारखा आहे, पण तो न्यायाधीशांनी माझ्या हवाली केलेला कैदी आहे. त्याने दाराबाहेर पाऊल टाकलं तर मला उठावं लागेल. असं म्हणाला आणि तोंड धुवायला गेला. रडला होता तो. पण पिस्तूल घेऊन बसला."

"आर्ली निघाला असता तर त्यांनी त्याला जाऊ दिलं असतं का?" न्यायाधीशांनी हळू आवाजात विचारलं.

"नसतं. गोळी झाडली नसती त्याने, त्याचा हातच चालला नसता. पण जाऊ दिलं नसतं." आता ती टॉलिव्हर यांच्याकडे वळली. "तुम्ही म्हणता पाहुणा होता. पाहुण्याला कुणी आईच्या मातीला जायला अडवतं का हो? मी त्याला खाऊ घातलं, ऊब दिली, माझ्या मुलाचा स्वेटर दिला. एस्टिल चांगलाच होता, ते मी मरेपर्यंत सांगेन. पण तो जेलर होता, आणि तो तुरुंग होता. इतकी वर्षं मीच सगळ्यांना सांगत आले, की ते घर होतं. ते घर आमचं होतं. आर्लीचं नव्हतं."

टॉलिव्हर यांनी कागद चाळले, पुन्हा चाळले आणि म्हणाले, "सरकारला आणखी काही विचारायचं नाही." एवढं मात्र त्या माणसाच्या बाजूने सांगायला हवं.

न्यायाधीश हॉलन बराच वेळ काही लिहीत होते. शेवटी ते म्हणाले, दाराला कुलूप असो वा नसो, ज्याला जाता येत नव्हतं तो कैदेत होता. ते सगळे महिने शिक्षेत धरले आहेत. शिक्षा पुरी झाली. आर्ली नेपियरला आजच सोडावं. फ्रँकफर्टच्या त्या फोनबद्दल ते काही बोलले नाहीत, पण उठताना त्यांनी ओमाकडे पाहायचं टाळलं.

लोकांनी आर्लीला घेरलं, पाठीवर थापा मारल्या. ओमाला मात्र सगळ्यांनी वाट करून दिली. नेहमी जिथे चार जणी हात धरायला यायच्या, तिथे आज एकही आली नाही. एस्टिलकाकांसारखा देवमाणूस, असंही आज कुणी म्हणालं नाही. ती कठड्याला धरून कोर्टाच्या पायऱ्या एकटीच उतरली. तिला एस्टिलची इतकी आठवण आली की खालच्या पायरीवर ती बसलीच.

थोड्या वेळाने आर्ली आला. त्याने नारिंगी कपडे उतरवून मे महिन्यात पकडला तेव्हाचा पातळ सदरा घातला होता. प्रॅटर गाडी सुरू करून त्याला बापाकडे न्यायला थांबला होता. आर्ली ओमाशेजारी टेकला.

"काकू, खरंच होतं का गं ते? हॅटखाली?"

"होतं."

त्याने सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या. थंडीने त्याच्या अंगावर काटा आला होता.

"मग बरं झालं, तेव्हा मला कळलं नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी माझं म्हणायला दारात बसलेलं तेवढं एकच माणूस होतं."